आत कुणी नको

विजेविना गार राहणाऱ्या घरांवरच्या पीएचडीसाठी तिने घरामागे एक खोली बांधली. जाड मातीच्या भिंती, दुहेरी छप्पर, पंखा नाही की वीज नाही. बाहेर अंगाची लाही होत असली तरी आत गारवा. आणि शेजारीच पत्र्याखाली तिचे म्हातारे वडील भाजून निघत होते.

"दुपारपुरतं तरी पडू दे गं तिथं."

"नाही बाबा. माणसाच्या अंगातून बल्बाएवढी उष्णता निघते. तुम्ही आत गेलात की माझे तापमानाचे आकडे नासले."

"अगं, श्वाससुद्धा हळूच घेईन."

"एवढा उन्हाळा काढा. मग ती खोली तुमचीच."

"झकास! भिंतींचे लाड आणि बापाला भट्टी." वडील हसले आणि डोक्यावर ओलं फडकं टाकून पत्र्याखाली जाऊन पडले.

उन्हाळा सरायच्या आत उष्माघातानं ते गेले. आकडा मात्र एकही नासला नाही.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी प्रबंध चाळून बाजूला ठेवला.

"काम चोख आहे, बाई. पण रिकाम्या खोलीच्या गारव्याला काय चाटायचंय? पुढच्या उन्हाळ्यात एखादं म्हातारं माणूस आत झोपवा आणि पुन्हा मोजा. घरात असेलच की कुणीतरी."