दिवस भरत आले

"हा दिवस धरत नाहीत, वहिनी," दाजी म्हणाले. "आरे-वारेचा समुद्रकाठचा कडा कितीदाही चढलात तरी तो डोंगर होत नाही."

गुणवंतीनं मोबाईलमधली नोंद मुकाट्यानं पुसून टाकली.

डोंगरात माणसं नेण्याचं प्रमाणपत्र हवं असेल, तर आधी आपले डोंगरातले दिवस नोंदवावे लागतात. कुठल्या वाटेनं गेलात, हवा कशी होती, वाट स्वतः शोधलीत की कुणाच्या पाठीमागून चाललात. हात टेकून चढावे लागणारे रॉकपॅच वेगळे लिहायचे. हे सगळं पुरेसं झालं की मग दोन दिवसांची परीक्षा. दाजींच्या गिर्यारोहण क्लबात ह्यासाठी येणारी बाकीची पोरं विशीतली होती. गुणवंती पन्नाशीला टेकलेली, एसटी स्टँडच्या मागे खानावळ चालवणारी.

रविवारी खानावळ बंद असे. पहाटेच्या संगमेश्वर गाडीनं ती निघायची. पायात विनीतचे जुने बूट. पुढे कापूस कोंबावा लागे, पण तिनं दुसरे घेतले नाहीत.

विनीत तिचा एकुलता एक मुलगा. शाळेत असताना दाजींनीच त्याला पहिल्यांदा महिमतगडावर नेलं, आणि तेव्हापासून त्याचं घरात लक्ष लागेना. महिपतनं, त्याच्या बापानं, चार जणांच्या हातापाया पडून जयगडच्या बंदरात त्याच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. रुजू व्हायच्या तोंडावर पोरगा हिमालयात गेला. परत आला नाही. महिपतनं भिंतीवरचा त्याचा फोटो उतरवला, कपाटात तळाशी टाकला आणि ह्या घरात त्याचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. गुणवंतीनं काढलं नाही. पण दारात कुणाची पावलं वाजली की परातीतला तिचा हात अजून थांबायचा.

"ह्या वयात काय गो हे सोंग?" महिपत दर रविवारी विचारी. "एकाला डोंगरानं नेलं, तेवढं पुरे नाही झालं?"

"आमटी झाकून ठेवलीय," ती म्हणे. "भात तेवढा गरम करून घ्या."

प्रचितगडाच्या वाटेवर दाजींनी तिला एक रॉकपॅच दाखवला. सानवी वर पोचून दोर धरून बसली होती. ही कॉलेजातली मुलगी, खानावळीतच जेवायची.

"विनीत इथनंच चढायचा?" गुणवंतीनं खालून विचारलं.

दाजींनी वर कातळाकडे बघितलं. मग म्हणाले, "इथनंच. ती डावीकडची खाच आहे ना, तिथं हात घालायचा. मी नको म्हणायचो, तरी तिथंच."

गुणवंती चढली. डाव्या खाचेत तिनं बोटं घातली. कातळ उन्हानं तापलेला होता, तरी तिनं हात काढला नाही. गाल दगडाला टेकवून ती तशीच उभी राहिली.

"काकी, अडकलात का?" वरून सानवीनं विचारलं.

"नाही गो. जरा थांबू दे."

उतरल्यावर तिघं सावलीत बसली. सानवी पाणी भरायला झऱ्याकडे गेली तसे दाजी हळूच म्हणाले, "डोंगर चढून पोरगा परत मिळत नाही, वहिनी."

"ते कळतं मला."

"मग कशाला हे?"

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "घरात भरलेलं ताट सोडून तो इथं काय बघायला यायचा, ते मला एकदा बघायचंय. तेव्हा विचारलंच नाही कधी."

दाजींनी मान खाली घातली. त्या घरात डोंगर आणला तो आपणच, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नव्हतं.

मागल्या दिवाळीत तिचे दिवस भरले. परीक्षेची नोटीस लागली, त्यात तारीख, जागा, परीक्षकाचं नाव. सानवीनं नाव दिलं, पासही झाली. गुणवंतीनं नोटीस वरपासून खालपर्यंत वाचली आणि तयारी झालेली नाही म्हणाली. दाजींना नवल वाटलं, कारण तिची तयारी सानवीपेक्षा चांगली होती. ती मात्र रविवारी जातच राहिली. धुक्यात गेली, पावसात गेली, वाट चुकून करवंदीत हात सोलून आली.

यंदाची नोटीस आली तेव्हा ती पोळ्या लाटत होती. पिठाच्या हातानंच मोबाईल धरून तिनं ती वाचली, पुन्हा वाचली, आणि तव्यावरची पोळी करपली. दुपारी तिनं नाव देऊन टाकलं.

संध्याकाळी दाजी खानावळीत आले. नोटीस त्यांनीही वाचली होती.

"वहिनी, नीट विचार केलात ना?"

"माझे दिवस भरलेत की नाही?"

"ते कधीच भरलेत."

"मग झालं तर."

परीक्षा शृंगारपुरात होती. सकाळी शाळेच्या पडवीत उमेदवार पाठपिशव्या घेऊन उभे राहिले. जीपमधून परीक्षक उतरला. दाढी वाढलेली, नाकाचा शेंडा उन्हानं सोललेला. उमेदवारांची यादी कुणीतरी तिथंच त्याच्या हातात दिली. ती उघडण्याआधी तो म्हणाला, "दोन दिवस आपण एकत्र आहोत. उतरेपर्यंत कुणी कुणाला सोडून जायचं नाही. हा पहिला नियम."

मग तो नावं वाचू लागला. गुणवंतीच्या नावाशी थांबला. वर बघितलं नाही. पुढची नावं त्यानं हळू आवाजात वाचून संपवली.

साहित्य तपासत तो एकेकापुढून सरकत आला. तिच्यापुढे आला तेव्हा त्याची नजर तिच्या कमरेच्या पट्ट्यावरच होती. बक्कल नीट बसलेलं होतं, तरी त्यानं ते सोडवलं आणि पुन्हा लावायला घेतलं. त्याला ते लवकर लागेना.

"घट्ट होतोय का?" त्यानं विचारलं.

"नाही," गुणवंती म्हणाली. "किती बारीक झालास रे, विनीत."