पुढे पोलीस आहेत

“तुमचे उपकार झाले बघा आज,” असं म्हणत गिऱ्हाईक मोटारसायकलवरून उतरलं आणि त्यानं थेट मेकॅनिकचा ऑइलनं माखलेला हात हातात घेतला. शर्टाची बाही खराब झाली तरी त्याला पर्वा नव्हती. स्वारी खुशीत होती.

“कसले उपकार?”

“ते काय, खिळ्याला टांगलंय, पिवळं हेल्मेट. सकाळी पुलाच्या अलीकडे समोरून तुम्हीच आलात ना? डोक्यावर हात आपटलात. म्हटलं, पुढे मामा उभे. गाडी वळवली ती थेट मागच्या गल्लीत.”

मेकॅनिक हसला. स्पेअर पार्ट घेऊन परतताना पुलाखाली पोलीस गाड्या अडवताना दिसले होते आणि तिथून दुकानापर्यंत भेटेल त्या प्रत्येक दुचाकीवाल्याला तो खूण करत आला होता. वीस वर्षांची सवय. समोरचा कोण, कुठला, काही विचारायचं नाही. डोक्यावर दोनदा थापटी मारायची, तो अंगठा दाखवतो, विषय संपला. अनोळखी माणसाचं आपण भलं केलं, अशी एक फुकटची ऐट मिरवायला मिळायची.

“कागदपत्रं नव्हती वाटतं जवळ?”

“कागदपत्रं आहेत हो सगळी. आज नळी फुंकायला लावत होते. माझा मित्र सापडला ना तिथं.” त्यानं डोळा मारला. तोंडाला पेपरमिंटचा वास येत होता आणि पेपरमिंटच्या आडून दारूचा. अजून दुपारचे बारा वाजायचे होते. “जरा पुढचं चाक बघा. हँडल एका बाजूला ओढतंय. गल्लीत खड्ड्यात आदळली.”

मेकॅनिक गाडीपुढे उकिडवा बसला. मडगार्ड तडकलेलं. फोर्क वाकलेला. हेडलाइटची काच फुटलेली. खड्ड्यात आदळून हेडलाइट फुटलेला त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मडगार्डच्या पट्टीत काहीतरी लाल अडकलं होतं. त्यानं ते ओढून काढलं. रेक्झिनचा तुकडा होता, कडेला पांढरी पायपिंग शिवलेली.

हे रेक्झिन त्यानंच कापून दिलं होतं, काल संध्याकाळी, मागच्या गल्लीत सीट कव्हरं शिवणाऱ्या मावशींना. पांढरी पायपिंगही त्यानंच सांगितली होती. मावशी अकराला कव्हरं घेऊन येणार होत्या आणि त्या वेळेच्या पक्क्या होत्या. तो उठला आणि त्यांना फोन लावला. फोन सुनेनं उचलला.

“दवाखान्यात आहोत, दादा. तुमच्याकडेच निघाल्या होत्या कव्हरं घेऊन. कुणीतरी गाडीवाला उडवून गेला. पाय ठेवता येणार नाही म्हणतात डॉक्टर, मांडीपासून काढावा लागेल. थांबलासुद्धा नाही हो मेला. नंबरही कुणी बघितला नाही.”

इकडे तो माणूस गाडीच्या आरशात बघून भांग पाडत होता.

“किती वेळ लागेल? मला दोनपर्यंत पोचायचंय.”

मेकॅनिकला त्याची किळस आली. भांगाची, पेपरमिंटची, त्या खुशीची. आणि लगोलग स्वतःचीही आली, ती जास्त होती. या माणसाला पोलिसांच्या हातून सोडवून मावशींच्या गल्लीत कुणी धाडलं होतं? त्यानंच. वर हसलाही होता.

“चाक काढावं लागेल,” तो म्हणाला.

इंजिनाखाली लाकडी ठोकळा सारून त्यानं नट सोडवला, पुढचं चाक काढलं, आतल्या खोलीत नेऊन ठेवलं आणि कुलूप घातलं. मग त्या माणसासमोरच उभा राहून पोलिसांना फोन केला. दुकानाचा पत्ता सांगितला, गाडीचा नंबर सांगितला, रेक्झिनचंही सांगितलं.

माणसाचा चेहरा खर्रकन उतरला. “अहो, हे काय करताय? तुम्ही आपल्यातलेच ना?”

“होतो.”

“म्हातारीच मध्ये आली हो. मी काय मुद्दाम...”

“खड्डा होता ना?”

त्यानं हात जोडून पाहिले, मग आवाज चढवून पाहिला, मग खोलीच्या कुलपाला दोन हिसके दिले. गाडी टाकून पळावं, तर नंबर गेलेला. तो पायरीवर बसून राहिला.

पूल जवळच होता. दहा मिनिटांत हवालदार आले. नळी फुंकवून घेतली, रेक्झिनचा तुकडा पाकिटात घातला, माणसाला जीपमध्ये बसवलं. मग स्टुलावर बसून त्यांनी मेकॅनिकचा जबाब लिहिला, वाचून दाखवला आणि सहीसाठी पुढे केला.

मेकॅनिकनं पेन हातात घेतलं नाही. “माझंही नाव लिहून घ्या, साहेब.”

“लिहिलंय की. साक्षीदार म्हणून.”

“तसं नाही. हा माणूस सरळ तुमच्याकडेच येत होता. मी वळवला त्याला. तुम्ही उभे आहात म्हणून खूण केली.” त्यानं डोक्यावर हात आपटून दाखवला. “मावशींचा पाय माझ्यामुळे गेला. ते लिहा.”

हवालदार खळखळून हसले.

“एवढंच ना? करा सही. अहो, सुट्टीच्या दिवशी मीसुद्धा करतो ते. तेवढी माणुसकी तर पाहिजेच माणसात.”