पांढरं कडं

आल्दोला या तपासणीतून एकच कमाई करायची होती: बायकोचं, रीनाचं, तोंड बंद. सौदा गाडीतच ठरला होता. त्याने एकदा डॉक्टरसमोर शर्ट काढायचा, तिने नाताळापर्यंत त्या तिळाचं नाव काढायचं नाही. ऐन गाळप हंगामात तोडणी यंत्र एक दिवस उभं ठेवून इंगम गावाहून टाउन्सव्हिल शहरात यायचं, एवढाच त्याचा खर्च. स्वस्तात सुटलो, असं त्याला वाटत होतं.

तीळ पाठीवर होता. आल्दोला सोडून साऱ्या गावाला दिसायचा. मधे मसुराएवढा तपकिरी ठिपका, भोवती नाण्याएवढं पांढरंफेक कडं. क्लबातले दोस्त म्हणायचे, "निशाणा कुणी काढून दिला रे? बायकोने?"

डॉक्टर फाम बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "कडं सगळीकडून सारखं. तीळ बरोबर मधोमध, फिका होत चाललेला. निरुपद्रवी आहे. तुमचं शरीरच त्याला परका समजून पुसून टाकतंय."

"ऐकलंस?" आल्दोने शर्ट उचलला. "सात महिने डोकं खाल्लंस माझं."

"थांबा. पंधरा वर्षांच्या पोराला हे झालं तर मी घरी पाठवते. तुमचं वय?"

"एकसष्ट."

"मग सगळे कपडे काढा. या वयात शरीर कधी कधी भलत्याच चोराच्या मागावर असतं, आणि मार तिळाला बसतो. आधी तो चोर, म्हणजे कुठे लपलेला कातडीचा कर्करोग, आहे का बघू."

टाळू, कानांमागे, बगला, पोटऱ्या. काही नाही. मोजे तेवढे उरले.

"पायाला चाळीस वर्षांत ऊन लागलेलं नाही, बाई. तिथे काय मिळणार?"

"मोजेसुद्धा."

डाव्या टाचेखाली वेड्यावाकड्या कडांचा काळा डाग होता, एका बाजूने ओला.

"ते उसाचं कुसळ. बुटातून घुसलं नि आत मोडलं," आल्दो म्हणाला. "रीना दर रविवारी सुईने टोकरते. हात हलका आहे तिचा."

डॉक्टरांनी डागाला भिंग लावलं. मग त्याची जांघ चाचपली. एका गाठीवर त्यांची बोटं थांबली, पुन्हा तिथेच गेली.

"डागाचा तुकडा आजच तपासायला पाठवते. उद्या सकाळी मोठ्या इस्पितळात जायचं."

"उद्या तोडणी आहे."

"तोडणी दुसरा कुणी करेल." मग त्या रीनाकडे वळल्या. "किती रविवार?"

"फेब्रुवारीपासूनचे," रीना म्हणाली. त्यानंतर ती बोलली नाही.

परतीच्या वाटेवर शंभर किलोमीटर तो तिच्याकडे बघत गाडी हाकत होता. "अगं, शिव्या दे हवं तर."

आल्दोला हवं होतं ते पदरात पडलं होतं. शेजारी रीना गप्प होती. मांडीवर तिची दोन बोटं, सुई धरल्यासारखी, अजून मिटलेली होती.