कपाटाबाहेरचा पाना

जॅकवर चढवलेली शाळेची बस. काचेचं रिकामं कपाट. गाडीत टांगायच्या सुगंधी डब्या. ब्रेकचा जुना, वीतभर पाना. या चौघांचा झगडा एका मेकॅनिक बाईच्या गॅरेजात मिटला. “कंपनीच्या शंभरीसाठी हा पाना कपाटात मांडायचाय. बदल्यात अधिकृत विक्रेत्याची पाटी देतो,” कंपनीचा साहेब तिला म्हणाला. तिचा दीर हरखला. “वहिनी, देऊन टाक. नवा घेऊ.” “कुठून? हे ब्रेक दुसऱ्या पान्याला दाद देत नाहीत. ब्रेक सोडून यांची कंपनी आता डब्याच विकते. उतारावर बस सुगंधाने थांबवू?” साहेबाने पान्यावरच्या ठळक नावावरून बोट फिरवलं. “कंपनीचं नाव असलेला एवढाच उरलाय, ताई.” तिने पाना त्याच्या हातातून काढून घेतला, ग्राइंडर सुरू केला आणि नाव घासून सपाट केलं. “आता कपाटाला नको ना?” म्हणत ती बसखाली शिरली. पूर्वी कंपनी तो पाना ब्रेकच्या खोक्यात फुकट टाकायची.