उष्टावणाची वाटी

उष्टावणाला मामानं चांदीच्या वाटीतली खीर रेवाला चाटवली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या खिरीत प्रयोगशाळेनं खास रेवासाठी वाढवलेले जिवंत जिवाणू कालवले होते. तिच्यात जन्मतःच नसलेलं विकर, म्हणजे एन्झाइम, ते पोटात आयुष्यभर बनवणार होते. मग न पचणारं अमिनो आम्ल मेंदूत साठून त्याची हानी करणार नव्हतं.

"मावशी, खीर कोमटच केलीत ना?" रेवाच्या आईनं, नीरजानं खीर करणाऱ्या मावशींना विचारलं.

"अगं, कच्चं कसं देणार लेकराला? ते औषध कालवून चांगली खळखळून उकळली."

नीरजानं वाटी हातात घेतली; तिच्यातला एकही जिवाणू जिवंत उरला नव्हता. नवे जिवाणू वाढवायला दोन वर्षं लागणार होती. नुसत्या पथ्यावर मेंदू चार महिने तग धरेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

आईला बघून रेवा ओळखीचं हसली. नीरजा ते हसू पाठ करू लागली.