पत्र्याची खडखड

दार बंद होतं.

आपला मजला चुकला की काय, म्हणून तिने वळून पाहिलं. मजला हाच होता, पायपुसणंही तेच. मग हे काय नवीन? ती कामावरून येऊन जिना चढली की दार उघडं असायचं, दारात बाबा असायचे आणि आत आईने चहा गाळायला घेतलेला असायचा. दोन वर्षांत कधी खंड नाही. तिच्याकडे घराची किल्लीसुद्धा नव्हती. कधी लागलीच नव्हती.

दार रोज असं आयतं उघडं मिळायचं ही सगळी फोनची करामत, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती लागली, घरी यायला उशीर व्हायला लागला, तेव्हा तिनेच हौसेने बाबांच्या फोनवर आपलं लोकेशन चालू करून दिलं होतं. "हा ठिपका म्हणजे मी. कुठवर आले ते दिसेल तुम्हाला." बाबांनी चष्मा कपाळावर चढवून "वा, वा" म्हटलं होतं.

आधी बरं वाटलं. मग टोचायला लागलं. जाऊ तिथे बाबांची नजर! होणारा नवरा तर चिडवून चिडवून हैराण करायचा, "जरा लांब बस बाई, सासरेबुवा आकाशातून बघतायत." आता लग्न तोंडावर आलं होतं. हा ठिपका काय सासरीही न्यायचा? आणि बंद करायचा तर सांगायचं कसं? ज्यांनी फुलासारखं जपलं, त्यांनाच 'आता बघू नका' म्हणायचं? विचार करून करून तिचं डोकं उठलं होतं. आज मात्र काय वाटेल ते होवो, सांगायचंच, असं ठरवून ती जिना चढली होती.

बाबा म्हणजे तसे एक नमुनाच. पाणीपुरवठ्याच्या पंपांवर ऑपरेटर म्हणून हयात गेली. निवृत्त झाल्यापासून त्यांनी उभ्या जगाची काळजी अंगावर घेतली होती. कुठलं सरकार पडतंय, कुठे युद्ध पेटलंय, यंत्रं माणसांच्या नोकऱ्या खाणार की काय, सगळ्यावर मत तयार. पण संध्याकाळ झाली की टीव्हीचा आवाज बंद! पडद्यावरची माणसं बिचारी मुक्यानेच हातवारे करून भांडायची. खिडकी मात्र सताड उघडी, मग थंडीने आई कुडकुडली तरी बेहत्तर. आणि चिकटपणा तर विचारू नका. मुलीच्या जुन्या स्कूटरचा सायलेन्सरवरचा पत्रा खडखडायचा, सगळी गल्ली वळून बघायची, पण दुरुस्तीचं नाव काढू द्यायचे नाहीत. "आवाज येतोय म्हणजे चालू आहे. गप्प झालं की घाबरायचं," हे त्यांचं पंपावरचं तत्त्वज्ञान.

शेवटी आज लॅब सुटल्यावर होणाऱ्या नवऱ्यानेच ते काम केलं. तो लिफ्टचा मेकॅनिक. कुठे काही खडखडलं की त्याचे हात शिवशिवतात. त्याने रस्त्यातच बसकण मारली, रबराचा वॉशर घातला, नट आवळला आणि स्कूटर कशी लोण्यासारखी चालायला लागली.

तिने बेल वाजवली.

दार उघडलं. बाबांच्या पायात चपला होत्या, शर्टाची बटणं वरखाली लागली होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"आलीस? कशाने आलीस? स्कूटर कुठंय?"

"खाली. का हो, आज ठिपका दिसला नाही वाटतं?" ती जरा तिरकसपणेच बोलली.

"कसला ठिपका?"

आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. "अगं, तो ठिपका होय? तो यांनी तू दाखवलास त्याच आठवड्यात मला काढून टाकायला लावला. म्हणाले, पोरगी मोठी झाली, तिच्या मागे मागे डोळे लावून फिरायचं नाही. नाक्यावरून तुझी खडखड ऐकू आली की मला ओरडतात, 'चहा टाक, आली!' आज खडखडच नाही, तर निघाले होते तुला शोधायला."

तिने खोलीकडे पाहिलं. टीव्ही मुका होता. खिडकी सताड उघडी होती. बाबांची खुर्ची टीव्हीसमोर नव्हतीच, खिडकीपाशी होती. दोन वर्षं रोज हेच बघत होती ती, आणि काही म्हणजे काही दिसलं नव्हतं तिला. तिला रडू फुटलं. आपल्याला असा बाप मिळाला, या एका गोष्टीसाठी कुणाचे आभार मानावेत तेच तिला कळेना. ती बाबांच्या शर्टाची बटणं नीट लावू लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होणारा नवरा खाली स्कूटरपाशी उकिडवा बसला होता. वॉशर काढला होता. आयुष्यभर नट आवळत आलेला माणूस आज ढिला करत होता आणि बाबा वर खिडकीतून डोळे मिटून ऐकत होते.

"अजून थोडा!... छे, हा फार झाला, हा बादलीसारखा वाजतोय!... हां! हाच. हात लावू नका आता!"

घाम पुसत तो वर आला. बाबांनी त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि पंपावर पाळी बदलताना बोलत तसं गंभीरपणे म्हणाले, "आवाज नीट ओळखून ठेवा, जावईबापू. पुढच्या महिन्यापासून ही ड्यूटी तुमची."

"सोमवार ते शनिवार," ती दारातूनच म्हणाली. "रविवारी तुमचीच आहे, बाबा. टीव्ही गप्प करून बसा."