खजुराच्या वड्या

"तो नको. साल सुटलंय त्याचं," सासूबाई म्हणाल्या.

शुभानं तो खजूर बाजूला टाकला आणि दुसरा बोटांत दाबून पाहिला. मऊ, तुकतुकीत. फोडून आत अळी नाही ना बघितलं, बी काढली, गर थाळीत टाकला. वड्यांपुरता झाल्यावर उरलेला खजूर तिनं बरणीत दाबून भरला आणि तोंडाला फडकं बांधलं.

मुलुंडच्या त्या बैठ्या घरात दुपार पेंगत होती. संध्याकाळी अंधेरीहून मधुकर सामंत येणार होता, तिच्या नणंदेला, नीलाला बघायला. वड्या शुभानंच करायच्या, असं सासूबाईंनी सकाळीच सांगून ठेवलं होतं.

तूप वितळलं. गर मंद आचेवर सैल होत गेला. त्या गोड, जड वासात शुभाला नणंदेचं होऊ घातलेलं घर दिसायला लागलं. खिडकीला पडदा, अंगणात उन्हं, कुणीतरी कामावरून येऊन पाय धुतोय. त्या माणसाला चेहरा नव्हता. तिचा नवरा विद्याधर पन्नास साली टायफॉइडनं गेला, तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हल्ली त्याचाही चेहरा अख्खा आठवत नसे. कपाळ आठवलं की हसू निसटायचं.

नीला डोकावली. अंगावर घरातलीच साडी.

"अगं, तयार हो ना."

"होते गं," म्हणत ती हसून निघून गेली.

शुभानं गोळा खसखशीवर थापला. वड्या पाडून बशीत मांडल्या. ओसरीवर सासऱ्यांचा आवाज आला, मग एक अनोळखी आवाज. सासूबाई आत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"शुभा, मधुकर नीलाला नाही, तुला बघायला आलाय. त्याला सगळं ठाऊक आहे. तुझ्या माहेरीही मी बोललेय. तुला आधी सांगितलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस. आताही म्हण. बशी मी नेईन, कुणी तुला बोल लावणार नाही."

शुभा भिंतीला टेकली.

"मी गेले, तर तुम्ही माझ्या कोण?"

सासूबाईंनी पदरानं तिचं कपाळ टिपलं.

"मुलीला दाखवायला कोण घेऊन जातं गं? आईच ना?"

शुभानं हात धुतले आणि बशी उचलली.